लगीनसराईआधी शिकून घ्या: नव्या वेडिंग फोटोग्राफरसाठी कार्यशाळा, लाइव्ह शूट आणि प्रदर्शनं

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची धावपळ थांबते. गौणकाळातले थोडे मुहूर्त सोडले, तर तुळशीचं लग्न लागेपर्यंत कार्यालयं तशी रिकामीच असतात. नेमक्या याच चार महिन्यांत कार्यशाळांच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिनही याच काळात येतो आणि त्या निमित्ताने गावोगावच्या फोटोग्राफर संघटना व्याख्यानं, डेमो, स्पर्धा ठेवतात. नवीन मुलगा किंवा मुलगी यात गोंधळून जाते. कुठे जावं, किती पैसे घालावेत, कशाचा उपयोग होईल, हे सांगणारं कोणी नसतं.

माझं ठाम मत आहे की कार्यशाळेत फक्त दिशा मिळते. हात बसतो तो नंतरच्या सरावात, आणि खरी परीक्षा होते ती मांडवात, जिथे तुमचा फोटो हुकला म्हणून अंतरपाट कोणी पुन्हा धरत नाही. त्यामुळे कार्यशाळा, लाइव्ह शूट, दुसऱ्याच्या हाताखालचं काम आणि मोठी प्रदर्शनं यांचा क्रम नीट लावला, तर एका चातुर्मासात आणि त्यानंतरच्या एका सीझनमध्ये माणूस बराच पुढे जातो. तो क्रम खाली देतो आहे. उदाहरणं लग्नाच्या फोटोग्राफीची आहेत, कारण महाराष्ट्रात बहुतेकांची कमाई तिथेच सुरू होते.

१. आधी प्रश्न ठरवा

कार्यशाळा शोधण्याआधी तुमचे शेवटच्या दोन-तीन कामांचे फोटो लॅपटॉपवर उघडा. निवडलेले नकोत, सगळेच उघडा. कुठे वारंवार चुकतंय ते पाहा. हॉलमध्ये फ्लॅश मारला की चेहरा सपाट पांढरा आणि मागचा मांडव काळा होतो का? हळदीच्या फोटोंत प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो का? कुटुंबाच्या ग्रुप फोटोत दोघांचे डोळे हमखास मिटलेले असतात का? की फोटो स्वच्छ आहेत, पण पंचवीस फोटो पाहिले तरी लग्नात काय घडलं ते कळत नाही?

यातला एकच दोष निवडा आणि वहीवर प्रश्नाच्या रूपात लिहा. ‘मला लाइटिंग शिकायचंय’ असा ढोबळ प्रश्न नको. ‘रात्रीच्या रिसेप्शनला स्टेजची रोषणाई दिसली पाहिजे आणि जोडप्याचा चेहराही उजळला पाहिजे, हे कसं करायचं?’ असा हवा. असा प्रश्न घेऊन गेलेला माणूस दिवसाच्या शेवटी उत्तर घेऊन येतो. नुसतं ‘शिकायला’ गेलेल्याच्या हाती प्रमाणपत्र आणि शिक्षकाबरोबरचा सेल्फी लागतो.

प्रश्न तांत्रिक असेल तर छोटी प्रात्यक्षिक कार्यशाळा शोधा. तो पाहण्याचा, गोष्ट सांगण्याचा असेल, तर कार्यशाळेपेक्षा कोणीतरी तुमचे फोटो समोर बसून पाहणं जास्त कामाचं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

२. कार्यशाळा निवडताना विचारायचे प्रश्न

जाहिरातीतला फोटो पाहून पैसे भरू नका. आयोजकांना फोन करा आणि सरळ विचारा. एकूण किती जण असणार? मॉडेल किती, लाइटचे सेट किती? प्रत्यक्ष शूटिंगला किती तास? मी स्वतः ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश उडवणारं छोटं यंत्र) लावून फोटो काढणार, की मागे उभं राहून पाहणार? काढलेले फोटो नंतर शिक्षक पाहणार का? पाऊस आला किंवा तारीख बदलली तर फी परत मिळेल का?

चाळीस जण, एक मॉडेल आणि दोन तास असं गणित असेल, तर तुमच्या वाट्याला तीनच मिनिटं येतात. तो कार्यक्रम बघण्याचा आहे. बघण्यातही शिकणं असतं, पण त्याची फी तेवढीच असावी. दहा-बारा जणांचा गट, दोन लाइट सेट आणि शेवटी फोटोंवर चर्चा, अशी रचना असेल तर थोडे जास्त पैसे देण्यात काही वावगं नाही.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. त्याच्या इन्स्टाग्रामवर वर्षभरातले सर्वांत चांगले फोटो असतात. त्याऐवजी विनंती करा, ‘सर, एका लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे फोटो बघायला मिळतील का?’ अख्ख्या लग्नाचं काम पाहिलं की कळतं की हा माणूस दुपारच्या कडक उन्हात, ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये, वरमाई रागावलेली असताना काय करतो. शिकायचं ते हेच आहे.

कॅमेरा कंपन्या आपल्या विक्रेत्यांमार्फत मोफत किंवा अगदी कमी फीत कार्यशाळा घेतात. त्यांना जरूर जा. नवी बॉडी, महागडी लेन्स हाताळायला मिळते आणि चांगले वक्तेही येतात. तिथे बोलणं अखेर नव्या मॉडेलकडे वळतं, एवढं लक्षात ठेवून ऐका.

निवड होऊन प्रवेश मिळणाऱ्या मोफत कार्यशाळाही जगात आहेत. कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये २००५ पासून अंकोर फोटो फेस्टिव्हल होतो आणि त्याच्या कार्यशाळा आशियातल्या तरुण छायाचित्रकारांसाठी मोफत असतात. न्यूयॉर्क राज्यातली एडी अ‍ॅडम्स वर्कशॉप १९८८ मध्ये सुरू झाली. पोर्टफोलिओ पाहून शंभर जणांना तिथे घेतात आणि शिकवण्याची फी घेत नाहीत. व्हिएतनाम युद्धात सायगावच्या रस्त्यावर १९६८ मध्ये झालेल्या हत्येचा जगप्रसिद्ध फोटो काढणारे, त्यासाठी पुलित्झर मिळवणारे एडी अ‍ॅडम्स तिचे संस्थापक. या दोन्ही जागा वृत्तछायाचित्रण आणि डॉक्युमेंटरीच्या अंगाने जातात, पण लग्नात गोष्ट सांगू पाहणाऱ्याने तिथे निवड झालेल्यांचं काम नक्की बघावं. दोन-तीन वर्षांनी अर्ज करण्यासारखं काहीतरी आपल्याकडेही असलं पाहिजे, ही ओढ चांगली.

३. जाण्याआधी हात तयार करा

शिक्षक प्रकाशाबद्दल बोलत असताना तुम्ही मेनूत आयएसओ शोधत असाल, तर अर्धा दिवस गेला. म्हणून आधीचा आठवडा घरी सराव करा. खोलीतला दिवा बंद करून शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकस पॉइंट न पाहता बदलता आले पाहिजेत. मॅन्युअल मोडमध्ये फ्लॅशचा मूळ हिशोब समजून घ्या. शटरच्या वेगाने मागचा, आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो. फ्लॅशच्या उजेडावर परिणाम होतो तो अ‍ॅपर्चरचा आणि फ्लॅशच्या पॉवरचा. आयएसओ दोघांवरही काम करतो. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेलं की फ्रेमवर काळी पट्टी येते. तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा काय, ते पुस्तिकेत बघून ठेवा. रिसेप्शनच्या त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. रोषणाई दिसत नसेल तर शटरचा वेग कमी करा, चेहरा फ्लॅशने सांभाळा.

सामानात दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, वही-पेन आणि स्वतःचा ट्रिगर घ्या. ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या ब्रँडसाठी बनवलेलाच हवा. कॅननसाठीचा ट्रिगर सोनीवर लावला तर नीट चालत नाही, आणि सिंगल-पिनचा स्वस्त ट्रिगर फ्लॅश उडवतो, पण टीटीएल (फ्लॅशचा उजेड कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) देत नाही. आयोजकांकडे कोणत्या कंपनीचे लाइट आहेत ते आधीच विचारून घ्या, म्हणजे आपल्या ट्रिगरशी त्यांचं जुळेल की नाही ते कळेल.

४. लाइव्ह शूटच्या दिवशी

आपल्याकडे लाइव्ह शूट म्हणजे शिक्षक सगळ्यांसमोर शूट करून दाखवतात आणि मग विद्यार्थी पाळीपाळीने फोटो काढतात. नववारी नेसलेली मॉडेल, कधी वाडा, कधी देऊळ, कधी रिसॉर्ट.

पहिली दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवा. सगळे जण शिक्षकाच्या खांद्यावरून तोच फोटो टिपायला धावतात आणि सगळ्यांकडे तोच फोटो येतो. त्यापेक्षा शिक्षकाकडे बघा. ते मॉडेलशी काय बोलतात, नाव घेऊन बोलतात का, हात कुठे ठेवायला सांगतात, एक जागा किती वेळात सोडतात. लाइट लावण्याआधी ते आपले पाय हलवतात का? चांगले फोटोग्राफर आधी खिडकी शोधतात, मग लाइटचा स्टँड उघडतात. हे बघून घेतलं तर पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं.

मग वहीत रेखाचित्र काढा. मॉडेल कुठे, मुख्य लाइट कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर, मॉडेलपासून किती फुटांवर, पॉवर किती (समजा १/१६, म्हणजे पूर्ण ताकदीचा सोळावा भाग), सॉफ्टबॉक्स की अंब्रेला, मागे दुसरा लाइट आहे का. शेजारी शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. एवढं लिहिलं तर तोच प्रकाश तुम्ही घरी पुन्हा उभा करू शकता. अंतर लिहायला विसरू नका. लाइट चार फुटांवरून आठ फुटांवर नेला तर चेहऱ्यावरचा उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तेवढाच उजेड परत हवा असेल, तर पॉवर १/१६ वरून १/४ वर न्यावी लागते. फूट माहीत नसेल तर बाकीचे आकडे निरुपयोगी आहेत.

शिक्षकांना आपल्या लग्नांतल्या गोष्टींबद्दल विचारा. पैठणीच्या जरीवर छोटा, उघडा फ्लॅश पडला की ठिपके भाजल्यासारखे पांढरे येतात, तिथे मोठा आणि मऊ प्रकाश लागतो. नथीची सावली ओठांवर पडत असेल तर लाइट किती खाली आणायचा? मुंडावळ्या डोळ्यांवर येतात, तेव्हा नवरीला मान कशी वळवायला सांगायची? परदेशी व्हिडिओंत या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. मराठी लग्नात वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूसच ती देऊ शकतो.

तुमची पाळी आली की शिक्षकाचा फोटो हुबेहूब काढण्यात वेळ घालवू नका. एक हुबेहूब काढा, म्हणजे सेटिंग बरोबर आहे हे कळेल, आणि लगेच एकच गोष्ट बदला. लाइट दोन फूट मागे न्या किंवा मॉडेलला खिडकीकडे वळवा. काय बदललं ते पाहा. आणि पाळी संपली की ट्रिगर काढून बाजूला व्हा. मागे लोक थांबलेले असतात, आणि फोटोग्राफीचा धंदा एकमेकांच्या आठवणीवर चालतो.

५. पुढचे पंधरा दिवस

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि नेमका हाच बहुतेक जण टाळतात. कार्यशाळेहून आल्यावर फोटो एडिट होतात, टाकले जातात, लाइक्स येतात आणि वही कपाटात जाते. ती वही पंधरा दिवस टेबलावर उघडी राहिली पाहिजे.

पहिल्या दोन दिवसांत घरच्या माणसाला खुर्चीवर बसवून तोच प्रकाश उभा करा. वहीतल्या आकड्यांनी जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधा. खोलीचं छत बुटकं असेल, भिंत पांढरी असेल, उजेड परतून येत असेल. ही शोधाशोध म्हणजेच शिकणं.

नंतर माणसांत जा. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून सराव होत नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. मला ती पटत नाही, कारण श्रावणात मंगळागौर असते. नवविवाहित मुली, नऊवारी, नथ, गजरे, हॉलमधले ट्यूबलाइट, आणि फुगडी, झिम्मा, पिंग्याचा वेग! लग्नात जे जे अवघड असतं ते सगळं एका संध्याकाळी समोर येतं आणि इथे फोटो हुकला तर कोणाचं नुकसान होत नाही. ओळखीच्या घरी आधी जाऊन नीट विचारा, ‘काकू, मंगळागौरीला फोटो काढायला येऊ का? पैसे नकोत, मला सराव करायचाय. फोटो तुम्हाला देईन आणि विचारल्याशिवाय कुठे टाकणार नाही.’ शब्द दिलात तर पाळा. हॉलमध्ये फुगडीचा वेग थांबवायला शटर किती लागतं, फिरलेला पदर आणि स्थिर चेहरा एकाच फोटोत कसा येतो, हे दोन मंगळागौरींत कळतं.

पुण्यात आणि आसपास राहत असाल तर गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो. संध्याकाळी उजेड उतरत जातो, माणसं हलत असतात, चेहऱ्यावर जोर दिसतो. पथकप्रमुखांना विचारून उभे राहा. बारसं आणि डोहाळजेवण यांचाही विचार करा. ती घरगुती कार्यं, छोट्या खोलीतली. जवळच्या माणसांत न खुपता कसं वावरायचं ते तिथे शिकता येतं.

वारीबद्दल वेगळं सांगायला हवं. पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवा इथली गोल रिंगणं किंवा चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण, यांच्या फोटोसहली निघतात. वारीत जरूर जा. पण धावत्या अश्वासमोर जागा धरण्यासाठी वारकऱ्यांना ढकलणारे फोटोग्राफर तिथे दरवर्षी दिसतात आणि ते पाहून फार वाईट वाटतं. रिंगणाच्या दोन तास आधी पोचा, चोपदार आणि पोलीस सांगतील तिथे बसा, आणि तिथून जे दिसेल ते काढा. मांडवात भटजी आणि पाहुण्यांच्या मध्ये कसं बसावं, त्याचीच ही तयारी आहे.

६. खऱ्या लग्नात दुसरा कॅमेरा

दिवाळीनंतर लगेच ज्येष्ठ फोटोग्राफरांना भेटा. फोनवर मेसेज टाकून थांबू नका, स्टुडिओत जा. बोलणं साधं ठेवा, ‘दादा, या सीझनला तुमच्याबरोबर यायचंय. सुरुवातीला बॅग सांभाळीन, लाइट धरीन. तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा कॅमेरा हातात घेईन.’ पैशांचंही आधीच बोलून घ्या. फुकट काम करण्याला हद्द असावी. एक-दोन लग्नं लाइट धरून शिकणं ठीक, पण तुमच्या कॅमेऱ्यातले फोटो अल्बममध्ये जाऊ लागले की मोबदला ठरवायलाच हवा.

लग्नाच्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांची वेळ जुळवणं, अगदी मिनिट-सेकंदासकट. नाहीतर दोघांचे फोटो एकत्र केले की सप्तपदी आधी आणि कन्यादान नंतर असं दिसतं, आणि निवड करणारा वैतागतो. दुसरं म्हणजे वाटणी. अंतरपाट दूर होतो तो क्षण सेकंदभराचा असतो. मुख्य फोटोग्राफर नवरीचा चेहरा घेत असेल तर तुम्ही नवऱ्याचा घ्या किंवा मुलीच्या आईचा. दोघांनी एकच फोटो काढला तर दुसऱ्याला आणून उपयोग काय? मंगलाष्टका सुरू होण्याआधी गुरुजींपाशी जाऊन नम्रपणे विचारा, ‘गुरुजी, अंतरपाट काढण्याआधी जरा आमच्याकडे बघाल का?’ बहुतेक गुरुजी हसून हो म्हणतात.

लग्नातले काही फोटो फक्त अनुभवाने सापडतात. मामा मुलीला मांडवात घेऊन येतो तेव्हा सगळे कॅमेरे नवरीकडे असतात आणि मामाचे डोळे भरलेले असतात. लाजाहोमाच्या वेळी मेव्हणा नवऱ्याचा कान पिळतो, तेव्हा हसणाऱ्या पाहुण्यांकडे वळा. अक्षतांचा मारा सुरू झाला की कॅमेऱ्याचा ऑटोफोकस हवेतल्या तांदळावर उडी मारतो. त्यासाठी फोकस मागच्या बटनावर घ्या, चेहरा पकडा आणि अंगठा उचला. एलईडी रोषणाई आणि स्टेजमागची स्क्रीन असेल तर फोटोत पट्ट्या येतात. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की बहुतेक वेळा पट्ट्या जातात. इलेक्ट्रॉनिक शटर मांडवात बंदच ठेवा. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबू नका. पिवळा रंग जास्त दिसला की कॅमेरा फोटो निळसर करतो आणि प्रत्येक फ्रेम वेगळी येते. व्हाइट बॅलन्सचा केल्विन आकडा (प्रकाशाच्या रंगाचं माप) एकच ठरवून ठेवा.

सगळी लग्नं एका साच्याची नसतात, हेही याच काळात शिका. बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नसतो. त्रिशरण, पंचशील आणि प्रतिज्ञा हे तिथले महत्त्वाचे क्षण. सत्यशोधक पद्धतीत पुरोहितच नसतो. वसईत किंवा गोव्यात चर्चमधलं लग्न असेल तर फ्लॅश चालेल का, वेदीच्या किती जवळ जाता येईल, हे फादरना आदल्या दिवशी विचारून घ्यावं लागतं. ज्याला एकाच पद्धतीचं लग्न माहीत आहे त्याला कामही मोजकंच मिळतं. आणि खरं सांगायचं तर तुमच्याकडे फोटो काढून घ्यायला आलेल्या प्रत्येक घराला आपला विधी फोटोग्राफरला कळतो, असं वाटलं पाहिजे.

निघताना कार्डं मुख्य फोटोग्राफरच्या हातात द्या. फॉरमॅट करायचं ते त्यांनी डेटा दोन ठिकाणी घेतल्यावरच. त्या लग्नात स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड वाटू नका. कोणी विचारलं तर त्यांच्याच स्टुडिओचं नाव सांगा. इथला विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

७. फोटो कोणाचा

नव्यांना हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं की फोटो काढणारा सहसा फोटोचा पहिला मालक असतो. पण कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरमध्ये काहीही लिहिलेलं नसेल तर हक्क त्या कुटुंबाकडे जातो. तुमच्या पोर्टफोलिओत, प्रदर्शनात, स्पर्धेत ते फोटो वापरायचे असतील तर ऑर्डर घेतानाच एका कागदावर मराठीत दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

दुसऱ्याच्या हाताखाली काढलेले फोटो वापरण्याआधी मुख्य फोटोग्राफरची परवानगी घ्या, तीही लेखी. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेजही चालेल, पण असू द्या. लाइव्ह शूटमधले फोटो टाकताना ‘कार्यशाळेत काढलेला’ असं लिहा. शिक्षकाने लाइट लावले, आयोजकाने मॉडेल आणि दागिने आणले, तुम्ही बटन दाबलं. तो फोटो स्वतःच्या लग्नाच्या कामात मिसळून गिऱ्हाईकाला दाखवणं म्हणजे त्यांची फसवणूक आहे. शिवाय त्यांच्या लग्नात तसा प्रकाश मिळाला नाही की पहिला प्रश्न तुम्हालाच येतो.

८. प्रदर्शनं, परिषदा आणि फोटो दाखवणं

मुंबईत गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरसारख्या ठिकाणी फोटो व्यवसायाची मोठी प्रदर्शनं भरतात. तिथे सकाळी दार उघडतानाच जा. पहिल्या तासात अल्बम करणाऱ्या लॅबच्या स्टॉलवर कागद हाताने चाळून बघा, बांधणी उघडून बघा, पानं दुमडून बघा, आणि आपल्या फाइलचा एक नमुना छापून देतात का ते विचारा. दुपारनंतर तिथे उभं राहायलाही जागा नसते. कॅमेऱ्यांचे स्टॉल नंतर. ‘फक्त आज’ या किमतीला त्या दिवशी काही विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. घरी येऊन हिशोब करा. दोन आठवड्यांनीही ती लेन्स हवीशी वाटली, तर घ्या.

व्याख्यानांना बसलात तर वक्त्यांइतकंच शेजारच्याकडे लक्ष द्या. मोठ्या मुहूर्ताला जिल्ह्यातले सगळे फोटोग्राफर एकाच दिवशी गुंतलेले असतात. त्या दिवशी कोणाला दुसरा हात हवा असतो, कोणाकडे तीन ऑर्डर आल्यामुळे एक द्यायची असते. तुमचं काम तिथूनच येणार आहे. भेटलेल्या पाच जणांची नावं लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत प्रत्येकाला एक ओळ पाठवा, त्यांच्या कामातलं तुम्हाला काय आवडलं ते लिहून. ‘हाय सर’ एवढंच पाठवू नका.

लग्नाच्या बाजारापलीकडेही फोटो बघायला जा. पणजीत डिसेंबरमध्ये २०१६ पासून होणारा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची फोटोग्राफीला वाहिलेली पिरामल गॅलरी, पुण्यात बालगंधर्व कलादालन. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटसमोर उभं राहिल्यावर मोबाइलवर न दिसलेलं दिसतं. सावलीत किती बारकावा आहे, काळा रंग किती खोल आहे, कडेला काय ठेवलंय.

फोटो सोसायट्या हा आणखी एक जुना आणि स्वस्त मार्ग. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रणाची सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. एकत्र बसून फोटो बघण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही १९३७ ची. अशा सोसायट्यांच्या सभांत प्रिंट टेबलावर ठेवून त्यावर मोकळेपणाने बोललं जातं. सलॉनमध्ये (परीक्षक निवड करतात अशा स्पर्धा-प्रदर्शनात) फोटो पाठवणं, पुढे ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या लायसेन्शिएटशिप या पहिल्या पायरीच्या मानांकनासाठी दहा फोटोंचा संच लावणं, ही सगळी शिस्त तिथे कळते. लग्नाच्या ऑर्डर त्यातून थेट येणार नाहीत. पण दहा फोटो एकमेकांना धरून राहतात की नाही हे ओळखायला शिकलात, तर चाळीस पानांचा अल्बमही वेगळा होतो.

तुमचं काम दाखवताना मोबाइल पुढे करू नका. वीस फोटो साध्या चार बाय सहा आकारात छापा, टेबलावर मांडा आणि गप्प राहा. ‘इथे लाइट कमी होता’, ‘वेळ नव्हता’ हे सांगायची गरज नाही. बघणाऱ्याला विचारा, ‘यातले कोणते पाच काढून टाकाल?’ ‘कसे वाटले?’ असं विचारलं की लोक छान म्हणून मोकळे होतात. कोणते काढाल असं विचारल्यावर त्यांना खरं बोलावंच लागतं. तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच फोटो काढायला सांगितला, तर तो कितीही आवडता असला तरी काढा.

९. पुढच्या वर्षासाठी

सीझन संपला की पहिल्या पायरीवर लिहिलेला प्रश्न पुन्हा वाचा आणि नव्या लग्नांचे फोटो उघडा. प्रश्न सुटला असेल तर दुसरा लिहा आणि त्यानुसार पुढची कार्यशाळा निवडा. सुटला नसेल तर नवी कार्यशाळा घेऊ नका. जुन्या शिक्षकांनाच फोन करा, फोटो दाखवा आणि नेमकं कुठे अडतंय ते विचारा. बहुतेक शिक्षक वेळ देतात, कारण असा फोन करणारा विद्यार्थी विरळा.

फीचा हिशोब करताना प्रवास, मुक्काम आणि त्या दिवशी बुडालेलं काम हेही धरा. वर्षाच्या सुरुवातीलाच शिकण्यासाठी एक रक्कम बाजूला काढा आणि ती संपली की थांबा. कर्ज काढून परदेशी परिषदेला जाण्याची पहिल्या दोन-तीन वर्षांत गरज नसते.

आणि तुमच्या हाताखाली पहिला असिस्टंट आला की त्याला सकाळीच सांगा की मांडवात तो कुठे उभा राहणार, कोणते फोटो त्याचे, जेवायला कधी जायचं आणि पैसे किती मिळणार. पैसे त्याच रात्री द्या. दोन दिवसांनी त्याला स्टुडिओत बोलवा आणि त्याने काढलेले फोटो त्याच्या शेजारी बसून एकेक करून बघा.